‘ब’ म्हणजे काय

को रुईछिनला आमच्या गावात सगळे इंजिनियरबाईच म्हणत. पन्नाशी ओलांडलेली, उंच, चालताना खांद्यातून जराशी वाकलेली बाई. डोक्यावर मानेपर्यंत लोंबणारी उन्हाची टोपी आणि नजर कायम वर. रस्त्यावर ती माणसांकडे बघतच नसे, इमारतींकडे बघत असे. त्यापायी एकदा ती सुपारीवाल्या पोरीच्या टेबलावर जाऊन आदळली होती, आणि स्कूटरवाल्यांच्या शिव्या तर तिच्या रोजच्याच होत्या.

तिचं काम सांगायला सोपं होतं, करायला कंटाळवाणं. गावातली एकेक इमारत बघायची आणि मोठा भूकंप झाला तर तिचं काय होईल याचा अंदाज करायचा. विटांची आहे की सिमेंट-सळयांची, मजले किती, कधी बांधली, खाली दुकानासाठी समोरची बाजू मोकळी सोडलीये का, गच्चीवर पत्र्याची खोली चढवलीये का. एवढं बघून तिला अ, ब किंवा क द्यायचा. अ म्हणजे बहुधा टिकेल. क म्हणजे बहुधा नाही. ब मधलं. हे सगळं रस्त्यावर उभं राहून. आत शिरायचं नाही, असा वरचा हुकूम होता, कारण इमारती ढीगभर आणि बघणारी माणसं दोनच.

दुसरा माणूस म्हणजे फान वेनपिन. निवृत्तीला आलेला, पोट सुटलेला, सतत काहीतरी चघळणारा. तो गाडी चालवायचा, फोटो काढायचा आणि लोकांशी बोलायचा. बोलणं रुईछिनला जमत नसे.

“ताई, तुम्ही फक्त वर बघा,” तो म्हणायचा. “खाली शिव्या खायला मी आहे.”

डोंगर आणि समुद्र यांच्यात चिमटलेलं आमचं गाव. जमीन इथे महिन्यातून एकदा तरी हलते. चहाच्या कपात तरंग उठले की आम्ही बोलता बोलता थांबतो, दिव्याकडे बघतो आणि वाक्य पुढे चालू करतो. अशा गावात रुईछिनच्या कामाला मान असायला हवा होता. पण लोकांना जमिनीची सवय होती, रुईछिनची नव्हती. निकाल वॉर्डाच्या कचेरीबाहेर फलकावर लागायचे आणि परीक्षेच्या निकालासारखी तिथे गर्दी व्हायची. ज्याला क मिळाला तो म्हणायचा, बाईला चष्मा लागलाय. ज्याला अ मिळाला तो म्हणायचा, हे काय, आम्हाला आधीच ठाऊक होतं. ब मिळालेले मात्र काहीच बोलत नसत. चला, सुटलो, म्हणून घरी जात.

त्या वसंतात ती मंदिरामागच्या गल्लीत आली. तिथे यिनमेई अमाचं, म्हणजे यिनमेई आजीचं, घर होतं. ऐंशीच्या घरातली ही म्हातारी एकेकाळी अर्ध्या गावाचे शाळेचे गणवेश शिवायची. खालचे दोन मजले जुन्या विटांचे, आणि वर नवऱ्याने हौसेने चढवलेला सिमेंटचा तिसरा. खाली हलकं आणि वर जड. बघताक्षणी रुईछिनने फानकडे पाहिलं आणि फानने तोंडातलं चघळणं थांबवलं.

अमा खुर्ची टाकून दारातच बसली होती. “काय बघता गं एवढं? स्थळ आणलंय का घराला?”

“पाहणी आहे, अमा,” फान म्हणाला. “भूकंपाची.”

“मग आत या ना. बाहेरून कसली पाहणी? बाहेरून तर मीही तरुण दिसते.”

फान हसला. रुईछिन हसली नाही. तिने अमाला सरळ सांगून टाकलं, कारण आडवळणाने सांगणं तिला येत नव्हतं. “अमा, वरचा मजला फार जड आहे. खालच्या विटांना तो मोठ्या हादऱ्यात झेपेल असं वाटत नाही. मी क देतेय.”

अमाने खुर्चीतूनच दाराची चौकट थोपटली. मग म्हणाली, “या घराने केवढे भूकंप खाल्ले, तुला माहितीये? तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून. आणि तू तिकडे गटाराच्या कडेला उभी राहून त्याला नापास करतेस?”

“नापास नाही, अमा. अंदाज आहे.”

“माझ्या शाळेत क म्हणजे नापासच होता, पोरी.”

गोष्ट एवढ्यावरच राहिली असती. पण अमाचा थोरला मुलगा युंगफू तैपेईत होता. त्याने कुणाकडून तरी निकाल ऐकला आणि पुढच्याच सुटीत गाडी घेऊन हजर झाला. आईला तो बरीच वर्षं ‘आमच्याकडे ये’ म्हणत होता. आता त्याच्या हातात कारण आलं. अमा रडली नाही, भांडली. शेजारणींना साक्षीला बोलावलं, देवासमोर उदबत्ती लावून मुलाच्या नावाने तक्रार केली, आणि शेवटी मागच्या सीटवर भाताची पेज भरलेला डबा मांडीवर घेऊन बसली. गाडी निघताना रुईछिन नेमकी त्याच गल्लीच्या तोंडाशी होती. अमाने काच खाली केली.

“चौदाव्या मजल्यावर नेतोय मला,” ती म्हणाली. “खिडकीतून माणसं मुंग्यांएवढी दिसतात. तू दिलीस ही शिक्षा. तुझ्या घरच्यांना चौदाव्या मजल्यावर ठेव, मग कळेल.”

रुईछिनने टोपी काढून हातात धरली. गाडी वळल्यावर परत घातली.

सकाळचा नाश्ता ती आणि फान स्टेशनसमोरच्या श्याओच्या दुकानात करायचे. सात मजल्यांच्या इमारतीखालचं ते दुकान, समोरून सगळं उघडं. श्याओ तव्यावर असायचा. धिप्पाड, अबोल माणूस. बोलायचं काम त्याची बायको आलियान करायची. सोयाचं गरम दूध, अंड्याची गुंडाळलेली पोळी, मुळ्याच्या तळलेल्या वड्या. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत तिने अर्धं बांधलेलं असायचं.

“इंजिनियरबाई, आज कुणाला नापास करायला निघालात?” ती विचारायची. “आमच्यावर दया करा हं, तुमच्या दुधात रोज जास्तीची साखर घालते मी.”

त्यांच्या इमारतीला रुईछिनने ब दिला होता. नियम कडक झाल्यानंतर बांधलेली, खांब जाडजूड, आराखडा सरळ. खालचा मजला मोकळा, म्हणून अ नाही. एवढाच हिशोब. आलियानने फलकावर जाऊन पाहिलं आणि त्या दिवशी फानला एक वडी फुकट दिली.

भूकंप आला तो शरद ऋतूतल्या एका सकाळी, मुलं शाळेत पोहोचल्यावर. आधी जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज, मग नेहमीचा झटका. आम्ही सगळे दिव्याकडे बघत थांबलो. आणि मग तो थांबलाच नाही. या वेळी झटके नव्हते, झोके होते. लांब, संथ, होडीत उभं राहिल्यासारखे. उंच इमारती वाऱ्यातल्या बांबूंसारख्या डोलताना मी स्वतः पाहिल्या. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या सुटून रस्त्यावर आल्या. आणि स्टेशनसमोरची ती सात मजल्यांची इमारत गुडघे टेकल्यासारखी खाली बसली. वरचे सहा मजले जवळजवळ शाबूत, पुढे झुकलेले. खालचा मजला नाहीच.

रुईछिन आणि फान तेव्हा नदीपलीकडे होते. पूल बंद झाला होता, म्हणून ते गाडी टाकून रेल्वेच्या रुळांवरून चालत आले. ते पोहोचले तेव्हा अग्निशामक दलाची माणसं आत शिरली होती आणि श्याओ रस्त्यावर बसला होता. तो तव्यासमोर, म्हणजे अगदी पुढे होता, म्हणून बाहेर फेकला गेला. आलियान मागे भांडी विसळत होती.

तिला दुपार कलल्यावर बाहेर काढलं. जिवंत होती. उजवा पाय गुडघ्याखाली राहिला नव्हता, म्हणजे होता, पण डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी काढला. वरच्या मजल्यांवरची माणसं खिडक्यांतून शिडीने उतरली. एका शिक्षकाचा हात मोडला, बाकी खरचटलं. गावात इतरत्र भिंती पडल्या, कौलं पडली. एवढी मोठी पडझड ही एकच.

दुसऱ्या दिवशी ढिगारा हलवताना रुईछिनला बोलावलं. ती हेल्मेट घालून आत वाकली, आणि फानने टॉर्च धरला. मागच्या बाजूचा कोपऱ्यातला खांब फुटून उघडा पडला होता. बाहेरून तो धडधाकट दिसायचा. पांढऱ्या फरश्या लावलेल्या, पुसून चकचकीत. आत मात्र मधोमध प्लास्टिकचा नळ होता. दंडाएवढा जाड. वरच्या न्हाणीघरांचं सांडपाणी खाली न्यायला बांधतानाच कुणीतरी तो खांबाच्या पोटातून घातला होता. भोवती काँक्रीट होतं ते केवढं, तर केळीच्या सालीएवढं.

“हे रस्त्यावरून कोण बघणार होतं?” फान म्हणाला.

रुईछिनने त्या नळात हात घातला, कोपरापर्यंत, आणि तसाच ठेवला. शेवटी फाननेच तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

मंदिरामागच्या गल्लीत यिनमेई अमाचं घर उभं होतं. भिंतीला एक-दोन तिरप्या भेगा, कपाटातल्या बश्या फुटलेल्या, बाकी काही नाही. ही बातमी तैपेईला पोहोचायला वेळ लागला नाही. आठवड्याच्या आत अमा आगगाडीने एकटी परतली, मुलाला न सांगता. स्टेशनवर उतरून तिने समोरची पडलेली इमारत पाहिली, हात जोडले, आणि मग तरातरा आपल्या गल्लीत गेली. दार उघडून खुर्ची बाहेर टाकली आणि बसली.

“बघा,” येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची. “नापास पोरगं उभं आहे, आणि पास झालेलं आडवं.”

हे वाक्य गावभर झालं. क मिळालेली जी जी कुटुंबं नातेवाइकांकडे गेली होती ती एकेक करून परत आली. कुणीतरी फलकावरच्या यादीवर काळ्या शाईने मोठी फुली मारली. सुपारीवाली पोरगी रुईछिनला बघून मैत्रिणीला म्हणाली, “जा, हिला विचार कुठलं घर वाईट आहे ते. मग त्याच घरात राहायला जा. जगशील.”

आणि जमीन तर अजून हलत होती. रोज लहान लहान धक्के येत होते. रुईछिन पुन्हा त्याच गल्ल्यांतून फिरत होती. भेगा बघत होती, लोकांना सांगत होती की इथे झोपू नका. लोक तिच्या तोंडावर दार लावत नव्हते. आमच्याकडे तशी रीत नाही. ते चहा द्यायचे, ऐकून घ्यायचे, आणि तिथेच झोपायचे.

शेवटी वॉर्डप्रमुखाने भूमिदेवतेच्या मंदिरापुढच्या अंगणात बैठक बोलावली. प्लास्टिकचे लाल स्टूल, वर पावसाचं ताडपत्रीचं छत. रुईछिनला पुढे बसवलं. फान तिच्याशेजारी, चघळायलाही विसरला होता.

लोकांनी तासून काढलं तिला. लाकडाच्या वखारीचा मालक ओरडला, “तीन वर्षं माना वर करून फिरलात, त्यापेक्षा देवापुढे कौलाचे चंद्रकोरी ठोकळे टाकले असते तरी बरोबर उत्तर आलं असतं!” हशा पिकला. एकीने विचारलं, “बाई, तुम्ही स्वतः कुठल्या घरात राहता?”

“ब,” रुईछिन म्हणाली.

“अजून राहता?”

“राहते. दुसरीकडे कुठे जाऊ?”

तेवढ्यात मागून श्याओ उठला. तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. इतके दिवस तो इस्पितळातून हललाच नव्हता.

“मला एकच विचारायचंय,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “ब म्हणजे काय?”

रुईछिन उभी राहिली. टोपी काढली. “ब म्हणजे, अशा शंभर इमारती असल्या आणि मोठा भूकंप आला, तर बहुतेक टिकतात. थोड्या पडतात. कुठल्या पडतील, ते मला रस्त्यावरून दिसत नाही.”

“आमची त्या थोड्यांतली.”

“हो.”

“आणि थोड्या पडणार हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?”

“ठाऊक होतं. तुमची पडेल हे नव्हतं.”

श्याओ विचार करत राहिला. पोळी पलटायच्या आधी तो जसा तव्याकडे बघायचा तसा जमिनीकडे बघत. “आलियान म्हणत होती, ब आहे म्हणजे झालं,” तो म्हणाला. “आम्हाला वाटलं ब म्हणजे टिकेल.”

“ते मी सांगायला हवं होतं,” रुईछिन म्हणाली. “रोज तुमच्याकडे खायला येत होते. कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.”

तो खाली बसला. त्यानंतर कुणी ओरडलं नाही. वखारवाल्यानेही नाही. मग रुईछिनने बाकीचं सांगितलं, अडखळत, थांबत. या वेळचे झोके लांब आणि संथ होते. त्यात उंच इमारतींचे हाल होतात, बुटकी घरं सुटतात. पुढचा भूकंप तोकड्या, जलद झटक्यांचा आला तर उलटं होईल. आणि बुटकी घरं या वेळी उभी राहिली खरी, पण आतून तडकलीत. “क मिळालेल्यांनी या वेळी वाचलो म्हणून परीक्षा संपली असं समजू नका. मी चुकले असेन, तर मलाही आनंदच आहे. पण झोपू नका तिथे.”

लोक उठून गेले. पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. काहींनी त्या रात्री अंथरुणं शाळेच्या मैदानावरच्या तंबूत नेली, काहींनी नेली नाहीत.

यिनमेई अमा तर बैठकीला आलीच नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी रुईछिन तिच्याकडे गेली. एकटी. अमाने तिला बघितलं आणि खुर्ची जराशी सरकवली, म्हणजे बस असं.

“शिक्षा रद्द करायला आलीस?”

“आत बघायला आलेय,” रुईछिन म्हणाली. “तुम्ही तेव्हा बोलावलं होतं. मी आले नव्हते.”

अमाने तिला सगळं घर दाखवलं. शिवणयंत्र, नवऱ्याचा फोटो, मुलांच्या उंचीच्या रेघा. रुईछिन भेगांवरून बोट फिरवत होती. जिन्याखाली एक भेग भिंतीच्या आरपार गेली होती. तिच्यातून शेजारच्या घरातला प्रकाश दिसत होता. तिने अमाला वाकायला लावलं आणि दाखवलं.

“हं,” अमा म्हणाली. “म्हणजे शेजारीण माझं बोलणं ऐकते ते इथून.”

“अमा, ही भिंत वरचा सगळा भार पेलतेय.”

“पडेल?”

“माहीत नाही.”

अमा कमरेला हात लावून सरळ झाली. “डॉक्टर माहीत नाही म्हणाला असता तर मी दुसरा डॉक्टर बघितला असता. तू म्हणतेस तर मला जरा बरं वाटतंय. तैपेईला मात्र मी जायची नाही. तिथे मी चुलीसमोर उभी राहिले तरी सून म्हणते, आई, बसा. बसून बसून मेले असते. इथे निदान दगडाखाली मरेन.”

रुईछिन मागच्या दारातून अंगणात आली. तिथे एक जुनं स्वयंपाकघर होतं; लाकडी खांब, पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंना फळ्या. आत अडगळ, रिकामे घडे, मोडकी सायकल. तिने एक खांब हलवून पाहिला.

“इथे राहाल?”

“या कोंबड्यांच्या खुराड्यात?”

“ही पडली तरी अंगावर पत्रा येईल. खरचटेल. मरणार नाही तुम्ही. आणि घर समोरच दिसत राहील.”

अमाने त्या खोलीभोवती एक चक्कर मारली. फळ्यांवर हात आपटले. “हिला काय देशील? अ?”

“पत्र्याच्या खोल्या आम्ही मोजतच नाही.”

“म्हणजे आयुष्यभर घर बांधायचं, आणि म्हातारपणी ज्याला कुणी मोजत नाही तिथे राहायचं.” अमा हसली आणि मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते बाहीने पुसलं. “बघतेस काय? सायकल बाहेर काढ. ती माझ्या नवऱ्याची आहे, फेकायची नाही.”

अडगळ काढायला फान आला, शेजारणी आल्या, वखारवाल्याने फळ्या पाठवल्या. खाट, शेगडी, देव आणि शिवणयंत्र एवढं मागच्या खोलीत गेलं. युंगफू धावत आला, आईवर ओरडला, रुईछिनवर ओरडला, मग दोन रात्री तिथे जमिनीवर झोपला. जाताना त्याने छपराला आतून जाड पुठ्ठे ठोकून दिले, थंडी लागू नये म्हणून. तैपेईचा विषय त्याने परत काढला नाही. घराला खालच्या मजल्यावर लोखंडी चौकटी बसवायचं ठरलं आहे. भावंडांची संमती घेता घेता हिवाळा गेला, एक बहीण अजून हो म्हणत नाही. घर उभं आहे. उद्याचं कुणी सांगावं.

आलियान वर्षअखेरीस इस्पितळातून आली. श्याओने बाजाराच्या तोंडाशी हातगाडी लावली होती. आलियान गाडीमागे उंच स्टुलावर बसून बांधून द्यायची. नकली पाय अजून रुळला नव्हता, तो ती काढून गाडीखाली ठेवायची. रुईछिन त्या रस्त्याने जायचं टाळत होती. फानला हे कळत होतं, म्हणून एके सकाळी तो तिला काही न सांगता गाडी तिकडूनच घेऊन गेला आणि इंजिन बंद पडल्याचं नाटक केलं.

आलियान पहिल्यासारखी हसली नाही. ती बारीक झाली होती आणि तिचे केस एका बाजूने पांढरे झाले होते.

“ते नळाचं खरं आहे?” तिने विचारलं. “मी त्या खांबाला रोज पाठ टेकून बसायचे. आतून पाण्याचा आवाज यायचा. मला वाटायचं भिंतीत येतोय.”

रुईछिन म्हणाली, “खरं आहे.”

“म्हणजे मला ऐकू येत होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं मी.”

“नाही, आलियान. मी विचारायला हवं होतं.”

“आता दोघीही तेच म्हणत बसू या,” आलियान म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं. मागे रांग लागली होती. तिने पुढच्या गिऱ्हाइकाचं बांधायला घेतलं. रुईछिन आणि फान काही न खाता निघाले. पण त्यानंतर रुईछिनने तो रस्ता टाळला नाही.

तिने बदली मागितली होती. वरून उत्तर आलं की दुसरं माणूस नाही. मग तिने नदीच्या दक्षिणेचा भाग घेतला, आणि घेतला तो आपल्या पद्धतीने. प्रत्येक इमारतीत आत शिरायला लागली. दार वाजवायचं, चपला काढायच्या, आणि फानला वरच्या मजल्यावर पाठवून नळ सोडायला लावायचा. खाली ती एकेका खांबाला कान लावून उभी राहायची. घरातली माणसं बघत राहायची. एका केशकर्तनालयात डोक्याला फेस लावलेल्या बायका कुजबुजल्या, “देवऋषी आहे का गं ही?” वरून हुकूम आला की याने काम फार रेंगाळतंय. तिने हुकूम वाचला, ठीक आहे म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दार वाजवलं.

आणि ब दिला की ती तिथेच दारात उभी राहून त्याचा अर्थ सांगायची. लोकांना ते ऐकायला आवडत नसे. मधलं काही ऐकायला कुणालाच आवडत नाही. त्यांना हो किंवा नाही हवं असतं. कुणी म्हणायचं, “मग आम्ही करायचं काय?” त्यावर ती जे सुचेल ते सांगायची. खाट या खांबापासून लांब सरकवा. गच्चीवरची टाकी बांधून घ्या. पायऱ्या चढून चढून तिचे गुडघे सुजले होते, आवाज बसला होता, आणि काही दिवशी एका दारावरून दुसऱ्या दारावर जायच्या आधी ती रस्त्यात लावलेल्या कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर थोडी टेकायची, डोळे मिटून.

फान चांद्र नवीन वर्षाच्या आधी निवृत्त झाला. निरोपाच्या जेवणात त्याने रुईछिनचा प्याला भरला आणि म्हणाला, “ताई, आता शिव्या कोण खाणार?”

“सवय झालीये आता,” ती म्हणाली.

त्याच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. वरचा नळ सोडायला ती आता घरातल्याच कुणाला तरी पाठवते, आणि खाली उभी राहून ओरडते, “सोडा! अजून! आता बंद करा!” बहुतेक खांबांत काही नसतं. एकदोनदा होतं. त्या घरांतली माणसं मग चहा पाजून तिला थांबवून घेतात आणि तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, आणि ती उत्तरं देत बसते, अंधार पडेपर्यंत. दक्षिणेचा अर्धा भाग अजून बाकी आहे.